नाव ज्ञानेश्वर, हाक ग्यानबा

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या श्रावणात आमच्या घरी पाळणा हलला. दादाला मुलगा झाला आणि मी आत्या झाले. वहिनींचे माहेर गावातच असल्याने पाचवीच्या दिवशी दोन्ही घरची माणसे एकत्र जमली. सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवून झाली, जेवणे उरकली आणि ओसरीवर नावाची गोष्ट निघाली. वहिनींच्या मनात नव्या वळणाचे, दोन-तीन अक्षरी नाव होते. दादा कोणाच्याच बाजूने बोलत नव्हता. तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "ग्यानबा ठिवायचं. आबांचं नाव घरात परत आलं पायजे."

आबा म्हणजे माझे आजोबा. ते जाऊन दोन वर्षे झाली. अण्णांचे बोलणे ऐकून मला एकदम शहाणपण सुचले. मी म्हणाले, "ग्यानबा नाही अण्णा, ज्ञानेश्वर. आणि म्हणताना 'द्न्या' म्हणायचं. 'ग्या' म्हणणं अशुद्ध आहे."

ओसरी गप्प झाली. अण्णांची शाळा चौथीत सुटलेली. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "असंल बाई. तू शिकल्याली. म्हंजे गावानं आबांस्नी जलमभर अशुद्धच हाक मारली म्हणायची."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकून घरी आल्यावर पहिले काम कोणते केले, तर वडिलांच्या वडिलांचे नाव चुकीचे ठरवले! बारशाला अजून सात दिवस होते. बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने, म्हणजे मीच. मग कानात सांगायचे तरी काय, 'द्न्या' की 'ग्या'? त्या सात दिवसांत मी आमच्या सरांना प्रश्न विचारून भंडावले, ग्रंथालयात कोशांची पाने उलटली. त्यातून जे हाती लागले ते मित्र-मैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवते आहे.

प्रथम या नावाच्या लोकप्रियतेविषयी. आमचे गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून दोन कोसांवर आहे. आळंदीहून निघालेली पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते. त्या दिवसांत आमच्या भागात कानावर दुसरे काही पडत नाही. ज्ञानोबांचे आणि तुकोबांचे नाव टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर हजारो माणसे एका दमात घेत असतात. रोज ऐकलेले नाव माणूस आपल्या लेकराला ठेवणारच. म्हणून आमच्या भागात आबांच्या पिढीत गल्लीगल्लीला एक ग्यानबा होता. मळ्यातला ग्यानबा, वेशीजवळचा ग्यानबा, पैलवान ग्यानबा अशी ओळख सांगावी लागे.

पण केवळ कानावर पडले म्हणून नाव रुजत नाही. इतिहासात पाहिले तर ज्यांचे हे नाव, ते संन्याशाची मुले म्हणून समाजाने दूर ठेवलेल्या चार भावंडांपैकी एक. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई अशी ती भावंडे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीला समाधी घेतली. संस्कृतच्या कुलपात असलेले ज्ञान त्यांनी कुणब्या-माळ्याच्या, शिंप्या-कुंभाराच्या भाषेत आणून ठेवले. ग्रंथात ते स्वतःला ज्ञानदेव म्हणवतात. पुढे आदराने ज्ञानेश्वर आणि प्रेमाने ज्ञानोबा, ग्यानबा, माउली अशी नावे झाली. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घराने आपल्या पोराचे नाव 'ज्ञानाचा ईश्वर' असे ठेवावे, यात मला भक्तीइतकीच एक आसही दिसते. आमचे आबा अंगठा उठवत. पण नाव त्यांचे ग्यानबा!

या नावाला आणखी एक बळ चित्रपटाने दिले. प्रभात कंपनीचा 'संत ज्ञानेश्वर' हा दामले-फत्तेलाल यांचा बोलपट १९४० साली आला. त्यात शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली होती. कीर्तनातले ज्ञानदेव लोकांना पडद्यावर चालता-बोलता दिसले.

आबांच्या पिढीत ग्यानबा, अण्णांच्या पिढीत ज्ञानदेव आणि आमच्या पिढीत ज्ञानेश्वर, असा आमच्या गावात क्रम लागतो. याचे श्रेय पुष्कळसे शाळेला आहे. मूल शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख जशी एक जून लावून टाकीत, तसेच घरचे नाव नीटनेटके करून हजेरीपटावर चढवीत. ग्यानबा म्हणून शाळेत शिरलेला मुलगा ज्ञानदेव होऊन बाहेर पडे. आज परराष्ट्र सेवेत काम केलेले लेखक ज्ञानेश्वर मुळे किंवा कलासमीक्षक ज्ञानेश्वर नाडकर्णी यांच्यासारख्यांमुळे हे पूर्ण नाव छापील अक्षरांतही परिचयाचे झाले आहे. मात्र अलीकडे आमच्या अंगणवाडीत ज्ञानेश्वर ऐकू येत नाही. आरव, विहान ऐकू येतात. ज्यांना जुनेही हवे आणि नवेही, ते ज्ञानेश किंवा ज्ञानराज ठेवतात. मुलींसाठी ज्ञानदा आणि ज्ञानेश्वरी आहेतच.

एक रूप मात्र हजेरीपटाच्या बाहेरच राहिले. आमच्या आजीने जन्मात कधी नवऱ्याचे नाव घेतले नाही. हळदी-कुंकवाला उखाण्यात घेतले असेल तेवढेच. वारीत सगळे दिंडीकर 'ग्यानबा-तुकाराम' म्हणत असताना आजी 'माउली-तुकाराम' म्हणे. लहानपणी मला वाटे की आजीला शब्द आठवत नाहीत. पुढे उलगडा झाला की नवऱ्याचे नाव तोंडी येऊ नये म्हणून ती देवालाच दुसऱ्या नावाने हाक मारते आहे.

आता उच्चाराकडे वळू. सगळे भांडण आहे ते 'ज्ञ' या अक्षराचे. बाराखडीच्या तक्त्यावर शेवटी क्ष आणि ज्ञ असतात, म्हणून आपल्याला ते सुटे, स्वतंत्र अक्षर वाटते. प्रत्यक्षात ते जोडाक्षर आहे. ज् आणि ञ् मिळून ज्ञ होतो. संस्कृत व्याकरणात याचा पुरावा आहे. 'यज्' या धातूला 'न' प्रत्यय लागला की 'यज्ञ' होतो. ज् च्या शेजारी आल्यामुळे न् चा ञ् होतो. 'राजन्' पासून 'राज्ञी' होते तेही असेच. गंमत अशी की आजचा संगणकही हे विसरलेला नाही. त्याच्या लिपीत ज्ञ ला वेगळा संकेतांक दिलेला नाही. ज, पाय मोडण्याची खूण आणि ञ अशी तीन चिन्हे ओळीने ठेवली की पडद्यावर ज्ञ उमटतो.

मग ज् आणि ञ् असताना आपण 'द्न्य' का म्हणतो? सरांनी मला आरशासमोर उभे राहून दोन्ही ध्वनी म्हणून पाहायला सांगितले. 'जय' मधला ज् म्हणताना जीभ टाळूला टेकते, हवा क्षणभर अडते आणि मग घासत बाहेर पडते. ञ् म्हणतानाही जीभ त्याच जागी टेकते, पण हवा नाकातून जाते. ज्ञ मध्ये हे दोन्ही लगोलग येतात. जीभ टाळूला टेकलेली असतानाच हवेला नाकाची वाट धरावी लागते. ज् ला घासत सुटायला अवसरच मिळत नाही. तो ओळखू येईनासा होतो आणि नुसता अडथळा तेवढा कानाला जाणवतो. तो अडथळा मराठी माणसाने द् म्हणून धरला आणि ञ् ला न् आणि य् मिळून उभे केले. असा झाला 'द्न्य'.

इतर भाषांनी काय केले ते पाहिले की मौज वाटते. हिंदीने तो अडथळा ग् म्हणून धरला, य् ठेवला आणि नाकातला सूर जवळजवळ सोडून दिला. म्हणून त्यांचे 'ग्यान'. गुजरातीने ग् आणि न् ठेवले, म्हणून त्यांचे 'ग्नान'. तेलुगूत 'ग्न्या' असे काहीसे ऐकू येते. बंगालीत तर 'गॅन' एवढेच उरते. तमिळने अडथळाच काढून टाकला आणि नुसता ञ् ठेवला. सातव्या शतकातल्या शैव संताचे नाव तमिळ लोक तिरुञानसंबंदर असे घेतात, त्यातला 'ञान' म्हणजे आपले ज्ञानच. पालीत 'ञाण' आहे, तर जैनांच्या प्राकृतात 'णाण'.

बाप गेल्यावर भावाभावांत जमिनीची वाटणी होते, तसे हे झाले आहे. कोणाच्या वाट्याला विहिरीकडचा तुकडा आला, कोणाला बांधाकडचा. अख्खे शेत कोणाकडेच राहिले नाही. ज् आणि ञ् चा जुना उच्चार जसाच्या तसा आपण मराठीत करीत नाही आणि हिंदी भाषकही करीत नाहीत. उत्तरेकडचे शास्त्री संस्कृत म्हणतानाही 'ग्य' म्हणतात आणि आपल्याकडचे 'द्न्य' म्हणतात, दोघेही तितकेच विद्वान असले तरी. म्हणजे 'द्न्य' शुद्ध आणि 'ग्य' अशुद्ध हे माझे ओसरीवरचे वाक्य मुळातच टिकत नाही. 'द्न्य' हा प्रमाण मराठीतला उच्चार आहे, इतकेच खरे.

हे समजल्यावर मला ग्यानबाची मेख कळली! या वाक्प्रचाराचा अर्थ बाहेरून न दिसणारी खोच असा आहे आणि तो शिकले-सवरलेले लोकही बिनदिक्कत वापरतात. तिथे कोणी 'द्न्यानबाची मेख' करीत बसत नाही. तसाच 'ग्या' हा केवळ अडाण्यांचा उच्चार असेही नाही. नामदेव महाराज पंजाबात गेले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ साली सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या गुरुमुखी लिपीत ज्ञान हा शब्द 'गिआन' असाच लिहितात. १९८२ ते १९८७ या काळात राष्ट्रपती असलेले ग्यानी झैलसिंग यांच्या नावाआधीचा 'ग्यानी' हा त्याच ग्रंथाच्या अभ्यासकाला मिळणारा मान. एका धर्मग्रंथात जो उच्चार आदराने वाचला जातो, तो आमच्या शिवारात आला की अशुद्ध कसा होतो?

याहून मोठे आश्चर्य पुढेच होते. कोशात शोधताना मला दिसले की ज्ञ ची आणखी किती तरी रूपे मराठीत सुखाने नांदत आहेत आणि ती सगळी आजीच्या तोंडी आहेत. संस्कृत 'ज्ञा' वरून आपले 'जाणणे' आले. 'नेणता' म्हणजे न जाणता. 'आज्ञा' झिजून 'आण' झाली, म्हणून आजी कोणाला आण घालते तेव्हा ती मुळात आज्ञाच करीत असते. 'राज्ञी' ची 'राणी' झाली. 'यज्ञोपवीत' चे 'जानवे' झाले. 'विज्ञप्ती' ची 'विनंती' झाली. आणि 'प्रतिज्ञा' ची चक्क 'पैज' झाली! म्हणजे ज्ञ चा कुठे ज झाला, कुठे ण, कुठे न. या शब्दांना आपण अशुद्ध म्हणत नाही. उलट परीक्षेत तद्भव शब्दांची उदाहरणे म्हणून लिहितो आणि गुण मिळवतो. मग अख्खा गाव ज्या एका शब्दाने आमच्या आबांना हाक मारीत होता, तेवढाच चूक का ठरावा?

याचा अर्थ कोणीही कसेही बोलावे, असे मला म्हणायचे नाही. वर्गात निबंध वाचताना, वक्तृत्व स्पर्धेत, मुलाखतीला मी 'द्न्यान' असेच म्हणेन. तो सर्वांना समजणारा, शिकण्याजोगा उच्चार आहे आणि तो शिकण्यासाठीच घरच्यांनी मला इथे पाठवले आहे. पण प्रमाण भाषा हा चार गावांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून बांधलेला रस्ता आहे. त्या रस्त्यावर चालणाऱ्याने आपल्या घराच्या पाऊलवाटेला नावे ठेवू नयेत.

उच्चाराचा प्रश्न असा सुटला, तरी लिहिण्याचा प्रश्न उरतोच. विशेषतः इंग्रजी अक्षरांत लिहिण्याचा. रोमन लिपीत ज्ञ साठी अक्षर नाही, म्हणून ज्याने त्याने आपापला कान वापरला. मराठी माणसाने डी-एन-वाय असे लिहिले. तेव्हाच्या अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदय' चे नाव इंग्रजीत असेच लिहितात. भारतीय ज्ञानपीठ मात्र संस्कृतातल्या मूळ घडणीप्रमाणे जे-एन लिहिते आणि पुण्याची १९६२ साली स्थापन झालेली ज्ञान प्रबोधिनीही जे-एन लिहिते. हिंदी भाषक जी-वाय लिहितात. कुसुमाग्रजांना १९८७ सालचे ज्ञानपीठ मिळाले. त्या पुरस्काराचे नाव दिल्लीकर 'ग्यानपीठ' घेतात, आपण 'द्न्यानपीठ' घेतो आणि लिहिताना दोघेही जे-एन लिहितात. आमच्या वर्गातला एक ज्ञानेश्वर सांगतो की परप्रांतातल्या कोणी त्याचे नाव इंग्रजीतून वाचले की आधी डी वरच अडखळतात.

हे ऐकायला गमतीचे वाटते, पण कागदावर आले की गंमत राहत नाही. आबा गेल्यावर वारसांची नावे लावण्यासाठी अण्णा आणि मी एका कार्यालयात गेलो होतो. सातबाऱ्यावर आबांचे नाव 'ग्यानू', मतदार यादीत 'ज्ञानदेव', बँकेच्या पुस्तकात 'ज्ञानोबा'. खिडकीमागच्या गृहस्थांनी तिन्ही कागद समोर ठेवून विचारले, "हे तिघे कोण?" अण्णा म्हणाले, "तिघं न्हाईत सायेब, माझा बाप हाय." गृहस्थ हसले. ते हसणे अण्णांच्या चेहऱ्यावर कसे उमटले ते मी पाहिले आहे. तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगण्यात आले. अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, "प्रतिग्यापत्र म्हणजे कोर्टात जायचं का गं?" त्या कामात आमचे चार महिने आणि शेतीच्या ऐन हंगामातल्या कितीतरी खेपा गेल्या. एका अक्षराची तीन रूपे भाषेत शोभून दिसतात, पण सातबाऱ्यावर ती माणसाला महागात पडतात.

म्हणून ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी दोन उपयोगाच्या गोष्टी सांगते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद करता येते आणि नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. तेव्हा घाईने कोणी तरी सुचवेल ते अक्षर लिहून देऊ नये. घरात बसून, मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपे एका कागदावर लिहून काढावीत आणि पुढे आधार असो, शाळेचा दाखला असो, बँकेचे पुस्तक असो, सगळीकडे अगदी तीच रूपे द्यावीत. हाक मारायला दहा नावे असू द्यावीत, पण लिहायला एकच असावे.

बाराव्या दिवशी बारसे झाले. वहिनींनी आपला हट्ट सोडला होता. कदाचित दादाने समजावले असेल, कदाचित आजीकडे पाहून सोडला असेल. बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून बाळाची देवाण-घेवाण केली आणि मला पुढे ओढले. मी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केले. नाव सांगायला जरा थांबले, तर पाठीत धपाटे बसू लागले. "सांग की लवकर!" असा गलका झाला. मी आधी 'ज्ञानेश्वर' म्हणाले, चांगले 'द्न्या' करून. मग तोंड आणखी जवळ नेऊन हळूच 'ग्यानबा' म्हणाले.

दुपारी दादाने नोंदणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. "तूच लिही. इंग्रजी स्पेलिंग तुलाच जमंल." मी डी-एन-वाय ने सुरुवात करून नाव लिहिले. तेच वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवले, म्हणजे त्याला कोणी कधी "हे तिघे कोण" असे विचारणार नाही. पंगत उठल्यावर अण्णा जवळ आले. "कानात काय सांगितलंस?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "दोन्ही सांगितलं. दोन्ही बरोबर आहेत, अण्णा. माझंच त्या दिवशी चुकलं." ते काही बोलले नाहीत. फक्त पाळण्याची दोरी हातात घेतली आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले, "काय ग्यानबा, काय म्हणतोस?"

आजी मात्र अजून त्याला माउली म्हणते. तिला दुसरे कोणतेही नाव शिकवायला आता मी जाणार नाही.

आपल्या महाविद्यालयात हजेरी घेताना अनेक ज्ञानेश्वर 'हजर' म्हणतात. त्यांना त्यांच्या घरी काय हाक मारतात, ते एकदा विचारून पाहावे. ग्यानू, ज्ञाना, माउली असे काही तरी उत्तर येईल. कदाचित ते सांगताना तो जरा लाजेल. त्याने लाजू नये, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.